माईच्या फोनवरचं हाँगकाँग

सुतक म्हणे कळल्यापासून लागतं. कळलं नाही तोवर माणूस खुशाल गोडधोड खाऊ शकतो, देवाला फुलं वाहू शकतो, फिरू शकतो, हसू शकतो. ही सोय ज्यानं कुणी काढली त्याला दूरदेशी गेलेल्यांची दयाच आली असेल. पण समर्थनगरातल्या वैजनाथनं त्या मंगळवारी सकाळी ही सोय ज्या चपळाईनं उचलली, तिला दया म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

माई, म्हणजे वैजनाथची आई, पहाटे चहाचं आधण ठेवता ठेवता ओट्यापाशी कोसळली. दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घरी आणून तिला हॉलमध्ये निजवलं, उशाशी दिवा लावला, आणि मग सगळ्यांना एकदमच आठवलं की नीरजा हाँगकाँगला आहे.

नीरजा माईची एकुलती एक मुलगी, वैजनाथची धाकटी बहीण. तीन वर्षांपूर्वी तिनं आकाशशी रजिस्टर लग्न केलं. आकाश पडेगावचा, बौद्ध घरातला. त्याची आई मुक्ताबाई तिथल्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायची आणि त्याच जोरावर तिनं त्याला इंजिनिअर केलं होतं. लग्नाचं कळल्यावर वैजनाथच्या घरात भांडणतंटा काही झाला नाही. या घरात आरडाओरडा करत नाहीत. या घरात गप्प बसतात, आणि ते जास्त लागतं. माईनं मुलीला तोडलं नाही, फोनवर बोलायची, दिवाळीला बोलवायची. फक्त आकाशचं नाव तिच्या तोंडून कधी निघालं नाही. दिवाळीत आकाश बायकोला कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी सोडायचा आणि गाडी वळवून निघून जायचा. परत जाताना माई चकल्यांचा डबा भरून द्यायची, तोही एका माणसाला पुरेल एवढाच.

ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत आकाश विक्री अधिकारी होता. ज्या दुकानदारांनी वर्षभरात जास्त माल विकला त्यांना कंपनी जोडीनं परदेशात फिरवून आणते, आणि त्यांना सांभाळायला अधिकारी सोबत जातो. यंदा वैजापूर, लासूर स्टेशन, गंगापूरकडची मंडळी होती. अधिकाऱ्यालाही बायकोला न्यायची मुभा होती, म्हणून नीरजा गेली. तिनं आजवर समुद्र पाहिला होता तो अलिबागचा. ही तर सगळी खाडीच बोटींनी आणि उंच इमारतींनी गजबजलेली.

रविवारपासून माईच्या फोनवर फोटो येऊ लागले. माईला मोतीबिंदूमुळं अक्षरं दिसायची नाहीत, म्हणून फोन कायम सुनेच्या हातात. मीनाक्षी फोटो मोठा करून तिच्या डोळ्यांजवळ धरायची, माई सांगायची आणि मीनाक्षी ते टाइप करायची. पदरचा एक शब्द ती कधी घालत नसे. "लिही, स्वेटर घातलास का." "लिही, एवढ्या उंच घरात राहणारे लोक पापड-कुरडया कुठं वाळत घालतात, ते विचारून ये." नीरजाला ठाऊक होतं की बोटं वहिनीची आहेत आणि बोलणं माईचं.

फोटोत नीरजा नेहमी एकटी असायची. एकटीच बोटीच्या कठड्याला टेकलेली, एकटीच दुमजली ट्रामच्या खिडकीत. फोटो काढणारा कोण हे माईनं विचारायचं नाही आणि नीरजानं सांगायचं नाही, असं न बोलताच ठरलेलं. सोमवारी रात्री माई शेवटचं सांगून झोपली, "लिही, जेवणाची आबाळ करू नकोस."

मंगळवारी सकाळी मीनाक्षीनं पहिला प्रश्न विचारला तो हाच. "नीरजाला कोण सांगतंय?"

वैजनाथ गुरुजींशी बोलून आत आला होता. "सांगायचं नाही," तो म्हणाला. "शुक्रवारी ती येतेच आहे. कळल्यावर सुतक लागतं. तोवर तिला फिरू दे बिचारीला."

"अहो, पण तिला तोंड तरी बघू द्या. आज संध्याकाळच्या विमानानं निघाली तर मध्यरात्री मुंबईत उतरेल, उजाडता इथं येईल."

"तोपर्यंत ठेवायचं म्हणतेस?"

"पेटी मिळते बर्फाची. मामंजींच्या वेळी इंदूरच्या काकांसाठी रात्रभर ठेवलंच होतं ना?"

"तो भाऊ होता," वैजनाथ म्हणाला.

मीनाक्षी त्याच्याकडे बघत राहिली. बँकेत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, कॉलनीत सभ्य म्हणून नाव. तो इकडंतिकडं पाहत आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, ती आली म्हणजे तो येणार. त्याच्या मागून त्यांची माणसं येणार. आपले सगळे नातेवाईक जमलेले असताना मला आज तो विषय नको आहे. आणि तिला कुठं सुतक पाळायचंय? ती त्यांच्यात गेली."

म्हणजे हे होतं पोटात. सहल मोडू नये वगैरे सगळी वरची मलमपट्टी.

पण बातमी आकाशच्या कानावर जाणारच. त्याला सांगितल्याशिवाय नीरजापासून लपवणार कसं? घोडं तिथं अडलं. वैजनाथजवळ आकाशचा नंबरसुद्धा नव्हता. तीन वर्षांत लागलाच नव्हता. मीनाक्षीजवळ होता, तिनं लावून दिला.

आकाशनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, "मी तिला घेऊन निघतो दादा. दुकानदारांचं बघंल कुणीतरी. तुम्ही उद्या सकाळपर्यंत थांबा फक्त."

"थांबता येत नाही हो," वैजनाथ म्हणाला, "गुरुजींनी आजच उरकायला सांगितलंय." गुरुजींनी असं काही सांगितलं नव्हतं. ते बाहेर साहित्याची जुळवाजुळव करत होते. "तुम्ही निघालात तरी तिच्या हाती राखच लागणार. परक्या विमानतळावर रडत बसेल. त्यापेक्षा तुम्ही समजूतदार आहात, तुम्ही सांभाळा तिला. घरातला माणूस म्हणून सांगतोय, आकाशराव."

आकाशराव! फोन स्पीकरवर होता, म्हणून मीनाक्षीनंही ते ऐकलं. ज्या घराच्या कोपऱ्यावरून तीन वर्षं गाडी वळवली, त्या घरानं पहिल्यांदा राव लावून हाक मारली होती. त्या पोराला कुणी काय दोष द्यावा?

"बरं दादा," आकाश म्हणाला. "तुम्ही म्हणता तसं."

दुपारी माईचा फोन वाजला. डोंगरावर चढणाऱ्या तिरप्या ट्रामचा फोटो होता, आणि मग वरून दिसणाऱ्या खाडीचा. खाली इमारती इतक्या दाटीनं उभ्या की त्यांच्यामधून पाणी कुठं कुठं तेवढं चमकत होतं. नीरजा वाऱ्यानं उडणारी ओढणी धरून हसत होती. खाली लिहिलं होतं, "माई, इथून सगळं गाव दिसतं. वेरूळच्या घाटातून आपलं दौलताबाद दिसतं ना, तसं."

"उत्तर दे," वैजनाथ म्हणाला. "नाहीतर ती फोन करेल. घसा बसलाय म्हणून सांग. तुला तिची पद्धत माहीत आहे."

माई चार हातांवर निजली होती. मीनाक्षीनं लिहिलं, "छान आहे. घसा बसलाय, बोलता येत नाही. कठड्याजवळ जाऊ नकोस." हे माईनं म्हटलंच असतं. त्यामुळं तिला फार काही वाटलं नाही. माणूस पहिल्या खोटेपणाला असंच फसतं.

चारनंतर माईला नेलं. बाया मागं राहिल्या. फरशी पुसून झाली, शेजारच्या करुणाकाकूंनी पिठलं-भात आणून ठेवला. हॉलमध्ये सतरंजीवर बसून बोलणी सुरू झाली. कोण आलं, कोण नाही.

"नीरजा दिसली नाही," एकीनं विचारलं.

"परदेशात फिरायला गेलीये ना," करुणाकाकू म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू येईल असं, "बरंच झालं बाई एका परीनं. नाहीतर तोही आला असता खांदा द्यायला. माईंच्या जिवाला शेवटी तेवढा तरी त्रास नको."

दोघी-तिघींनी माना हलवल्या. मीनाक्षीच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठून आतल्या खोलीत गेली. त्याच वेळी माईच्या फोनवर व्हिडिओ आला. प्रतापनगरच्या स्मशानात अजून ऊन असणार, हाँगकाँगला मात्र रात्र झालेली. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या इमारती एकदम उजळल्या, हिरवे-निळे झोत आकाशात फिरू लागले, पाण्यावर रंग हलू लागले. काठावर माणसांची ही गर्दी! लासूर स्टेशनचे कडूबाशेठ डोक्यावर पांढरी टोपी घालून मध्येच आडवे आले आणि मोठ्यानं म्हणाले, "आयला, हे तर लई भारी हाय!" नीरजाचं हसणं ऐकू आलं. एका कडेला फक्त एक बाही दिसत होती, पुरुषाची, राखाडी स्वेटरची. नीरजानं कॅमेरा लगेच दुसरीकडं वळवला.

त्या बाहीकडं बघून मीनाक्षीला रडूच आवरेना. तिला माईचाही राग आला, आयुष्यात पहिल्यांदा. एवढी मायाळू बाई, पण मुलीला असं शिकवून गेली की नवऱ्याची बाहीसुद्धा लपवायची. आणि आत्ता तिचा मुलगा तिला अग्नी देत होता, आणि सकाळी सोयीपुरता त्याला जावई सापडला होता.

तिनं लिहिलं, "आकाशराव दिसत नाहीत कुठं. त्यांचा पण फोटो पाठव. परत आलीस की दोघं घरी या."

आणि पाठवून दिलं. पुसायला वेळ होता, तिनं पुसलं नाही.

बराच वेळ काही आलं नाही. मग नीरजाचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. मागं बोटीचा भोंगा वाजत होता. "वहिनी, खरं सांग, हे माईनं सांगितलं? तिच्या तोंडानं? वहिनी, तुला माझी शपथ आहे."

मीनाक्षीनं लिहिलं, "हो. तिनंच सांगितलं."

मग फोटोंचा पूर आला. नीरजा आणि आकाश फेरी बोटीत. नीरजा आणि आकाश माशांच्या बाजारात, नाकाला रुमाल लावून. तीन दिवसांचे जपून ठेवलेले, माईला न पाठवलेले जोडीचे फोटो तिनं एका दमात पाठवले. मंगळवार सकाळच्या आधीच्या फोटोंत आकाश दात काढून हसत होता. नंतरच्या फोटोंत तो कॅमेऱ्याकडं बघत नव्हता. शेवटचा फोटो आत्ताच काढलेला. त्यात नीरजाच्या डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर असा उजेड, की मीनाक्षीनं फोन उशीखाली ठेवून दिला.

बुधवारी आकाशचा फोन आला, मीनाक्षीच्या नंबरवर. मागं वारा घोंगावत होता. ते लोक एका बेटावर आले होते, तारेवरच्या पाळण्यातून, डोंगरावरची बुद्धाची थोरली मूर्ती बघायला.

"वहिनी, हे काय केलं तुम्ही?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "मी काल तिच्या शेजारी उभा होतो. तिनं मला तो मेसेज वाचून दाखवला. सगळ्या दुकानदारांच्या बायकांना दाखवला. रात्रभर झोपली नाय. म्हणती, माईनं तुला राव म्हटलं, राव."

"मला राग आला होता आकाशराव."

"तुमच्या रागाचं ठीक हाय. मी तिला आता काय सांगू? माई गेल्या हे सांगू, का माई म्हणाल्याच नाय हे सांगू? एक सांगितलं की दुसरं कळणारच." मग तो म्हणाला, "मघाशी मी बुद्धापुढं माईंसाठी हात जोडले. डोळे मिटून उभा राहिलो, तर तिनं माझा फोटो काढला. तुम्हाला पाठवती म्हणून. माईला दाखवा म्हणाली."

"आत्ता सांगा तिला. आत्ताच."

"आता कशाला," आकाश म्हणाला. "उद्या पोचेपर्यंत राखबी सावडून झालेली असंल." पुढं म्हणाला, "तिनं पडेगावला माझ्या आईलाबी फोन केला. विहीणबाईंनी बोलावलं म्हणून. आई साडी आणायला गेलीये."

फोटो आला. आकाश खाली मान घालून उभा, मागं पायऱ्या आणि त्यावर शांत बसलेला तो प्रचंड बुद्ध. खाली नीरजानं लिहिलं होतं, "माई, हा तुझ्या गुडघ्यांसाठी मागतोय बहुतेक. किती वेळ उभा होता!" मीनाक्षीनं लिहिलं, "बरं." दुसरं काही सुचलं नाही. गुरुवारी तेवढंही तिला जमेना. वैजनाथनं पाठवलं, हात जोडलेल्या चित्रांची एक रांग.

शुक्रवारी दुपारी दुकानदारांची बस मुंबईहून आली. वैजापूर आणि लासूरच्या मंडळींना वाटेत उतरवून ती दौलताबादच्या रस्त्यानं शहरात शिरली, तेव्हा पडेगावला मुक्ताबाई रस्त्यावर उभ्याच होत्या. इस्त्रीची पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. त्याही बसमध्ये चढल्या. बसमध्ये सगळ्यांच्या देखत आकाशला काही बोलता आलं नाही. त्यानं सांगितलं ते कोपऱ्यावर, मेडिकलसमोर, सामान खाली ठेवून. माई गेल्या, एवढंच सांगितलं.

नीरजा पळतच आली. दारातल्या चपलांना अडखळली. हॉलमध्ये माईचा फोटो, हार, समई. वैजनाथ उपरणं पांघरून बसला होता. तो उठला, "नीरू..." म्हणून पुढं झाला. ती त्याला ओलांडून फोटोसमोर जाऊन उभी राहिली.

"कधी?" तिनं विचारलं.

वैजनाथ म्हणाला, "आधी बस. पाणी पी."

"वहिनी, कधी?"

"मंगळवारी पहाटे," मीनाक्षी म्हणाली.

आकाश दारात पोचला होता. नीरजानं वळून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली, आणि तिला पुढचं कुणी सांगायची गरज उरली नाही.

"तुझी सहल मोडू नये म्हणून गं," वैजनाथ सांगू लागला. "सुतक कळल्यावर लागतं. तुला काही दोष नाही. आणि तुला इतक्या लांबून पोचता आलं नसतं, थांबणं शक्यच नव्हतं..."

"शक्य होतं," मीनाक्षी म्हणाली. लग्नाला वीस वर्षं झाली, पण चारचौघांत नवऱ्याचं बोलणं तिनं असं पहिल्यांदाच तोडलं. "एक रात्र ठेवायचं होतं फक्त. तू पोचली असतीस."

वैजनाथ खाली बसला. नीरजा रडत नव्हती. तिनं माईचा फोन मागून घेतला. मंगळवारपर्यंत मागं गेली. ट्राम, डोंगर, दिवे. त्या तीन ओळींवर तिचं बोट थांबलं. तिच्या कपाळावर आठी पडली, जशी लहान मुलाला गणित सुटत नसताना पडते.

"हे संध्याकाळी आलंय," ती म्हणाली.

मीनाक्षी दोन पावलं पुढं आली.

"वहिनी, मी तुला शपथ घातली होती."

"मी लिहिलं," मीनाक्षी म्हणाली. "माझं मी लिहिलं."

"पण आधी कधीतरी? म्हणाली असेल ना? तू दिवसभर असायचीस तिच्याजवळ. झोपेत, बोलता बोलता, एकदा तरी नाव?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पण त्या आठवड्यात मीनाक्षीच्या तोंडात खोट्याला जागाच उरली नव्हती. "नाही गं," ती म्हणाली.

नीरजा फोटोखालच्या भिंतीला टेकून खाली बसली. तिला कळलं होतं ते सगळं एकाच बैठकीत कळलं होतं. आई नाही, भाऊ नाही, आणि मंगळवारपासून जो नवरा शेजारी उभं राहून तिचा आनंद बघत होता, तो आता कोण होता हे तिला ठरवता येत नव्हतं. आकाश पुढं आला. तिनं हातानंच त्याला तिथं थांबवलं.

"येऊ का आत?" दारातून आवाज आला.

मुक्ताबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. कोपऱ्यावरून त्यांना चालत यायला वेळ लागला होता. या घराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता आणि आताही कुणी या म्हटल्याशिवाय त्या ओलांडणार नव्हत्या. वैजनाथ जमिनीकडं बघत बसला. मीनाक्षीनं जाऊन त्यांचा हात धरून आत आणलं.

मुक्ताबाईंनी पिशवीतून साडी काढली, जांभळी, काठाची. फोटोसमोर ठेवली आणि हात जोडले. मग नीरजाजवळ खाली बसून तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"रडून घी माय," त्या म्हणाल्या. "माझंबी नशीब बघ, भेट झालीच नाय. पण एक लई झालं. तीन वर्षं माझ्या लेकराचं नाव कुणी घेत नव्हतं या घरात. तो बोलायचा नाय, पण मी आई हाय ना, मला दिसायचं. जाता जाता तुझ्या आईनं त्याला राव म्हटलं, बोलावलं. मी बुधवारपासून गल्लीत सगळ्यांना सांगत सुटले." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "म्हणाल्या होत्या ना गं? तुझ्यापाशीच म्हणाल्या ना?"

हॉलमध्ये सगळे नीरजाकडं बघत होते. आकाश भिंतीकडं तोंड करून उभा होता.

"हो आई," नीरजा म्हणाली. "म्हणाली होती."